परसातले चौकोन

६ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी मे महिन्यात निवृत्त होताना कंपनीने दिली होती. आतापर्यंत कोरीच होती. स्टोअरमध्ये असताना शिफ्ट संपली की चार ओळी लिहायची सवय होती, म्हणून आज उघडली.

माझ्या बायकोला, सीमाला, जाऊन महिना झाला. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे केव्हाच गेले. आज मुलगा, सम्राटही परत गेला, त्याची सुट्टी संपली. जाताना परसात उभा राहून म्हणाला की दिवाळी झाली की इथे चार खोल्या काढू आणि भाड्याने देऊ. मी विचारलं, इनामगावात भाडेकरू कुठून येणार? तो म्हणाला, शाळेतले शिक्षक येतील, रस्त्याच्या कामावरची मुलं येतील, आणि भाडं नाही मिळालं तरी चालेल. भाडं मिळणार नसेल तर खोल्या बांधायच्या कशाला, हे मला समजलं नाही. तो हडपसरला चांगल्या नोकरीत आहे, एवढं त्याला कळायला हवं.

मी ‘बघू’ म्हणालो. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. परस सीमाचं होतं. मी तिथे फक्त कपडे वाळत घालायला जायचो, तेही तिने सांगितलं तर.

७ ऑक्टोबर

पहाटे सव्वापाचला सीमाच्या मोबाइलचा गजर वाजला. वर ‘मोटार’ असं लिहून येतं. बोअरला त्या वेळेला लाइट असते म्हणून तिने लावला होता. तो बंद कसा करायचा ते मला सापडलं नाही. मोबाइल चार्जिंगला लावून ठेवला.

मोटार चालू केली. पाणी कुठे सोडायचं ते माहीत नसल्याने हौद भरून घेतला.

९ ऑक्टोबर

आपल्या घरामागे इतकी वर्दळ असते हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. मागच्या भिंतीत लाकडी दार आहे, त्याला कडी नाही. सकाळी साळूबाई येते, ती समोरच्या आळीला राहते. मग रंगुबाई, ती सीमाच्या नात्यातली, मला दाजी म्हणते. मग शेजारच्या धुरपदामावशी, त्या पंचाहत्तरीच्या आहेत आणि मला अजून चौथीतला समजतात. प्रत्येक जणी काहीतरी खुडते, वाकते, उठते, आणि जाताना दारात डोकावून मला काहीतरी विचारते. जेवलास का? भाजी काय केलीस? काल लाइट उशिरापर्यंत का होती?

धुरपदामावशी रोज काडेपेटी मागतात. त्यांच्या घरी लायटर आहे, मी पाहिलेला आहे. म्हातारपणी विसरायला होत असेल.

सगळ्यांनंतर मागच्या उसाच्या शेताकडून हौसराव येतात आणि गवती चहाची चार पाती तोडून नेतात. त्यांची चाळीस एकर जमीन आहे. तिथे गवती चहा उगवत नसेल असं नाही.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात वंदनेला जायचं नाही असं ठरवलं होतं. रंगुबाई पांढऱ्या साडीत परसातून आली आणि म्हणाली, मेणबत्त्यांचा खोका जड आहे, दाजी, तेवढा उचलून द्या. उचलून विहारापर्यंत नेला, मग परत कसं यायचं म्हणून बसलो. खोका काही फार जड नव्हता.

२० ऑक्टोबर, रविवार

सम्राटने फोनवर परसाची मापं मागितली. टेप घेऊन गेलो. मापं घेताना जुनं आठवत गेलं, ते इथे लिहून ठेवतो. बांधकाम झालं की ते कुठे दिसणार नाही.

मी लहान असताना नदीकाठच्या टेकाडावर पुण्याचे साहेब लोक पुराणवस्तूंसाठी खोदकाम करायचे. माझे वडील बन्सीआबा तिथे रोजावर होते. तिथे मनाला येईल तसं खोदलेलं चालत नसे. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, चौकोन आखायचा, दोन चौकोनांच्या मध्ये हातभर बांध सोडायचा. बांधावरून चालायचं, चौकोनात उगीच पाय द्यायचा नाही. पुढे काम बंद झालं, पण आबांच्या हातातून ते गेलं नाही. घरामागे तेव्हा उकिरडा होता. त्यांनी तो साफ केला आणि दोरी लावून तसेच चौकोन पाडले. कडा तासून सरळ केल्या. मग त्यांत वांगी आणि मिरच्या लावल्या.

वस्तीतली माणसं बघायला यायची. बन्सी, वांगी लावतोस का राजाचं मढं काढतोस, असं विचारायची. आबा म्हणायचे, “काय निघंल ते निघंल.” एकदा गाजर उपटण्याआधी त्यांनी भोवतालची माती ब्रशने झाडली. ब्रश माझ्या शाळेच्या बुटांचा होता. बूट तसेच घालून शाळेत गेलो म्हणून मार मला बसला.

मागची जमीन तेव्हा हौसरावांच्या वडिलांकडे होती. ते आमच्या परसात कधी आले नाहीत. काम असलं की शेतातून हाक मारायचे आणि तिथूनच बोलायचे. आबांची वांगी मात्र त्यांना आवडायची. आबा टोपली बांधावर ठेवून मागे सरकायचे, मग ते उचलायचे. मी हे पाहिलेलं आहे.

मग आईने, ताईबाईने, शेळ्या धरल्या. शेळ्यांना चौकोन कळत नाहीत. एका उन्हाळ्यात त्यांनी आबांची सगळी मेहनत खाल्ली. आबा काही बोलले नाहीत, कारण दूध तेही प्यायचे. मी कंपनीत लागल्यावर संडास-बाथरूम बांधलं, त्याच्या टाकीने एक कोपरा गेला. बोअरने दुसरा. सीमा लग्न होऊन आली तेव्हा परस म्हणजे नुसतं मैदान होतं आणि त्यात शेळ्यांचे खुंटे.

आईच्या मागे शेळ्या विकल्या. एकदा बोअरचा पाइप फुटून परसात पाणी पसरलं. सीमाला जमिनीवर ओळी दिसल्या. चौकोनांत पाणी मुरत होतं आणि बांधांवर तसंच चमकत होतं. तिने मला विचारलं. मी म्हणालो, आबांचं जुनं खूळ. मग ती आबांनाच विचारायला गेली. आबांना तेव्हा नीट दिसत नव्हतं. ती दोरी धरायची आणि ते हाताने चाचपून सांगायचे, इथं खुंटी, इथं कोपरा. मी ड्युटीवर होतो. संध्याकाळी आलो तर दोघेही गुडघ्यापर्यंत मातीत, आणि स्वयंपाक झालेला नव्हता.

आज मोजले, सात चौकोन शिल्लक आहेत. कडा अजून सरळ आहेत. सम्राटला फक्त लांबी-रुंदी कळवली.

२७ ऑक्टोबर

परसाच्या मागच्या दाराला कडी आणि कुलूप बसवलं.

याचं कारण लिहून ठेवतो. तीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. तिथून विचारल्याशिवाय एक नटही बाहेर गेला नाही. आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत लिंबं, कढीपत्ता, वांगी, जो येईल तो नेतो. राग नाही. पण सीमाने लावलेलं असं वाऱ्यावर सोडणं बरं वाटेना. कोणाला नाही म्हणायचं नाही, फक्त वेळ ठरवायची. सकाळी नऊ ते दहा दार उघडं. मी स्वतः उभा राहीन.

२८ ऑक्टोबर

नऊला कुलूप काढलं तर दाराबाहेर चौघी ओळीने उभ्या होत्या. साळूबाई म्हणाली, “आता कढीपत्त्याला बी ड्युटी लागली म्हना की.” रंगुबाईने विचारलं, उशीर झाला तर हाफ डे धरणार का? दहा वाजता दार लावायला गेलो तर धुरपदामावशी हौदाच्या कडेवर बसून होत्या. म्हणाल्या, गुडघा धरलाय, साडेदहाला उठीन. साडेदहापर्यंत थांबावं लागलं. त्यांनी आबांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. वरात चालत गेली होती आणि आबांचा एक जोडा नदीत वाहून गेला होता. मला हे माहीत नव्हतं.

हौसराव दुपारी आले, कुलूप पाहिलं आणि भिंतीवरून हाक मारली. “जय भीम, स्टोअरकीपर. गवती चहासाठी अर्ज कुणाकडं करायचा?” त्यांना पाती भिंतीवरून दिली. तिथेच उभे राहून अर्धा तास उसाच्या तोडीबद्दल बोलले.

या गावात कोणाला कामं नाहीत असं दिसतं.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत सम्राट आणि सूनबाई आले होते, आज गेले. मिस्त्री ठरला आहे, हनुमंत मिस्त्री, न्हावऱ्याचा. चोवीस तारखेला रविवारी आखणी करायची. मी ‘या’ म्हणालो.

परसात काहीतरी बिघडलं आहे. मी रोज सकाळी पाइप धरून सगळीकडे सारखं पाणी देतो, तरी मेथी पिवळी पडली आणि वांग्यांनी माना टाकल्या. सीमा असताना असं होत नव्हतं. मग वाटलं, चोवीसला सगळं जायचंच आहे. हे वाटून झाल्यावर दुपारचं जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर

आज चूक झाली.

मिस्त्री यायच्या आधी एकेक चौकोन मोकळा करून ठेवावा म्हणून बाथरूमजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिथे नुसतं गवत माजलं होतं, ओळीने. गवत ओळीने उगवत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. उपटत गेलो. लसणाचा वास नाकात शिरला तोपर्यंत निम्मा चौकोन झाला होता.

तेवढ्यात नऊ वाजले आणि दार उघडावं लागलं. रंगुबाई आत आली आणि माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती खाली बसली आणि उपटलेली रोपं पदरात गोळा करायला लागली. एवढंच म्हणाली, “काढलाच हाय तर पातीची चटणी करते, दाजी. तुमाला बी देते.”

संध्याकाळी खरंच वाटीभर चटणी आली. चव चांगली होती. जेवताना फार वाईट वाटलं.

११ नोव्हेंबर

धुरपदामावशींना विचारलं, लसूण रंगुबाईने लावला होता का? त्यांनी कपाळाला हात लावला. मला इतकी वर्षं घरात राहून माहीत नव्हतं ते त्यांनी हौदावर बसून सांगितलं.

लॉकडाऊनमध्ये आठवडी बाजार बंद झाला तेव्हा सीमाने एकेकीला एकेक चौकोन दिला. बी ज्याचं त्याने आणायचं, पाणी ज्याचं त्याने घालायचं. दुसऱ्याच्या चौकोनात पाय द्यायचा नाही, बांधावरून चालायचं. लिंबू, कढीपत्ता आणि गवती चहा सगळ्यांचा. मी तेव्हा कंपनीतच राहायला होतो, आठवड्यातून एकदा घरी यायचो आणि झोपायचो. बाजार परत सुरू झाला, पण चौकोन कोणी सोडले नाहीत. म्हणजे मेथी साळूबाईची, वांगी मावशींची. ज्यांना मी वेळ ठरवून दिली त्या स्वतःचंच न्यायला येत होत्या. आणि पाणी घालायला, ते एका तासात उरकत नव्हतं.

मी म्हणालो, कुलूप लावलं तेव्हाच का नाही सांगितलं?

त्या म्हणाल्या, “सांगनार हुतो. पन कुलपापायी तू रोज भाईर यायला लागलास. एरवी दार लावून आत बसत हुतास. म्हटलं, ऱ्हाऊ दे कुलूप.”

बाहेर येण्याचा आणि वांग्यांचा काय संबंध ते मी विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

कुलूप काढून टाकलं. कडीही काढली. स्क्रूची भोकं राहिली, ती लांबी भरून बुजवली.

सम्राटला फोन केला. खोल्या नकोत असं सांगायचं होतं. त्याने विचारलं, पप्पा, बरं आहे ना? म्हटलं, बरं आहे. त्याने विचारलं, जेवलात? म्हटलं, हो. मग सिमेंटचं बोलला आणि फोन ठेवला. मला समोरासमोरही नीट बोलता येत नाही, फोनवर तर नाहीच. घरातलं बोलायचं काम सीमाकडे होतं.

१८ नोव्हेंबर

रंगुबाईच्या चौकोनात लसणाच्या पाकळ्या परत लावून दिल्या, तिला विचारून. टोक वर ठेवायचं असतं. मी पहिल्या ओळीत उलटं लावलं होतं, साळूबाईने सगळ्यांना बोलावून दाखवलं.

मेथी सावरते आहे. चोवीस तारीख सहा दिवसांवर आली. मी अजून कोणालाच काही सांगितलेलं नाही, ना सम्राटला, ना या बायकांना. रात्री झोप लागत नाही. हे लोक मला माफ करतील, लसणाचं केलं तसं. तेच नको वाटतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहितो.

सकाळी धुरपदामावशींना सांगितलं की आज मिस्त्री येणार आहे, खोल्या आखायच्या आहेत. एका दमात सांगून टाकलं. त्यांनी काडेपेटी मागितली नाही. काठी घेऊन वळल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, झालं, दुखावल्या.

सम्राट दहाला आला, पाठोपाठ हनुमंत मिस्त्री, टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन. आम्ही तिघे घराच्या मागच्या दाराने परसात उतरलो आणि थांबलो. परसात पाय ठेवायला जागा नव्हती. सातही चौकोनांत कोणी ना कोणी बसलेलं होतं. साळूबाई मेथी खुडत होती. रंगुबाई लसणाला माती लावत होती. धुरपदामावशींनी वांग्यात बसकण मारली होती. उरलेल्या चौकोनांत त्यांच्या सुना, एकीच्या मांडीवर मूल. हौसराव गवती चहाजवळ बादली उलटी घालून बसले होते. त्यांचा चौकोन नाही, तरी बसले होते.

मिस्त्री भला माणूस. टेपचं टोक धरून म्हणाला, ताई, जरा सरका, खुंटी मारायची आहे. रंगुबाई म्हणाली, बांधावर मारा, आत न्हाई. बांधावर मारली तर खोली वाकडी जाते, असं तो म्हणाला. “मग वाकडी बांधा,” साळूबाई म्हणाली, “भाडेकरू बी वाकडंच मिळनार हायेत.”

सम्राट माझ्याकडे वळला. “पप्पा, तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हीच या म्हणालात.”

सगळ्यांनी हात थांबवले. मांडीवरचं मूलही माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, “मी चुकून या म्हणालो. खोल्या नकोत. हे माझं एकट्याचं नाही आणि तुझंही नाही. चौकोन ज्यांचे आहेत त्यांना विचार.”

माझ्या आठवणीत मी सम्राटशी सलग इतकं कधी बोललो नव्हतो.

धुरपदामावशी म्हणाल्या, “इच्यारायचं काय त्यात? खोल्या बांधायच्या तर तुझ्या हडपसरात बांध. हितं तुझा बाप ऱ्हातो.”

सम्राट म्हणाला, “मावशी, तेच तर. पप्पा इथे एकटे राहतात.”

“एकटा?” मावशींनी वांग्यातूनच सगळ्यांकडे हात फिरवला. “सकाळी साळू येती. मग रंगू. मग मी. दुपारी हौसराव. दिवं लागताना माझी थोरली सून. सीमा गेली त्याच्या दुसऱ्या म्हयन्यापास्नं चाललंय. कुनाचा खाडा न्हाई. विचार त्याला.”

त्यांनी वेळा वाटून घेतल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. एकदम गर्दी होऊन चौकोन तुडवले जाऊ नयेत म्हणून असेल.

सम्राटने मला विचारलं, रोज येतात? मी म्हणालो, रोज. दुपारी पडायची सोय नाही. तो पाठ फिरवून हौदात बघत राहिला. हौदात पाण्याशिवाय काही नव्हतं, तरी बराच वेळ बघत होता. मग मिस्त्रीकडे जाऊन काहीतरी बोलला. मिस्त्रीने टेप गुंडाळली. संडासाच्या टाकीवर खोली घेता येत नाही असं तो मघाशी म्हणालाच होता, तेच कारण झालं असणार. मी सम्राटला आधीच टाकी दाखवली असती तर माझे इतके दिवस काळजीत गेले नसते.

मिस्त्रीला यायचा त्रास पडला म्हणून सम्राटने त्याला दुसरं काम दिलं. घराच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आणि धरायला पाइप. मावशींचे गुडघे दुखतात. हौसरावांनी उसाच्या ट्रॅक्टरमधून वाळू पाठवतो म्हणून सांगितलं. मग सगळ्यांना गवती चहाचा चहा झाला, कप कमी पडले तेव्हा हौसरावांनी साळूबाईच्या हातातलं भांडं घेतलं आणि आधी त्यात ते प्यायले, मग पुढे दिलं. बांधावरच्या टोपलीचं मला आठवलं.

निघताना सम्राटने धुरपदामावशींचा मोबाइल नंबर घेतला. माझा नंबर त्याच्याकडे आहे. त्यांचा कशाला घेतला, कळलं नाही.

३ डिसेंबर

पेन्शनच्या कामाला शिरूरला गेलो होतो. सकाळी लवकर एसटी होती म्हणून पुढच्या दाराने निघालो. बँकेत बसलो असताना सम्राटचा फोन. कुठे आहात, मावशींचा फोन आला, म्हणाल्या पप्पा परसात दिसत नाहीत. मग रंगुबाईचा फोन. मग हौसरावांचा, त्यांनी तर विहिरीत डोकावूनही पाहिलं होतं म्हणे. बँकेतल्या बाईंनी विचारलं, काका, निवडणुकीला उभे आहात का?

संध्याकाळी परसात तासभर बोलणी खाल्ली. आता बाहेर जाताना सांगून जायचं असं ठरलं. साठाव्या वर्षी हे नवीन.

९ डिसेंबर

उद्या दौंडला जायचं आहे. एकाच माणसाला भेटायचं आहे, काम अर्ध्या तासाचं.

नव्या पायऱ्यांवर उभा राहून सगळ्यांना सांगितलं. मावशींना दौंडच्या बाजारातलं पालकाचं बी हवं आहे, पण पुडीतलं नको, सुटं. रंगुबाईला सुतळी. साळूबाईने विळ्याला धार लावून आणायला दिली आहे. हौसरावांना तंबाखू, मी नाही म्हणालो तर म्हणाले मग बडीशेप आणा. मावशींच्या सुनेला बाळाची टोपी, कानावर येणारी, रंग कुठलाही पण पिवळा नको.

कामापेक्षा बाजारालाच जास्त वेळ लागणार. सकाळची पहिली गाडी धरावी लागेल आणि पिशव्या दोन.